रोजचा स्वयंपाक आणि नित्यकर्माचा विचार

भानोळे हा भाजून केलेला, तिखटमिठाचा पदार्थ. कोकणपट्टीतल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत तो कोबीचा किंवा कोळंबीचा करतात. पीठ, भाजी आणि मसाला एकत्र कालवून पातेल्यात थापायचा, खाली मंद आच ठेवायची आणि वर झाकणावर निखारे पसरायचे, ही त्याची जुनी रीत. आता निखाऱ्यांची जागा ओव्हनने घेतली आहे. घाटावर, सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरात, तोच पदार्थ शाळूच्या पिठावर उत्तम जमतो. कामावरून संध्याकाळी उशिरा घरी येणाऱ्या माणसांना भाकरी थापणे, कोरड्यास करणे, भात लावणे हे सगळे रोज शक्य नसते. अशा दिवशी एकाच भांड्यातले भानोळे पुरे जेवण होते. मात्र अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या आणि स्वयंपाकाला कर्म मानणाऱ्या परंपरेत त्यातून एक खरा प्रश्न उभा राहतो. कमी श्रमांत, विजेच्या भट्टीत, घाईने झालेले जेवण धर्माच्या दृष्टीने उणे ठरते का?

प्रश्नाकडे वळण्याआधी पदार्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा बराचसा विचार त्याच्या कृतीवरच उभा आहे. चार माणसांसाठी दोन वाट्या शाळूचे पीठ, अर्धी वाटी बेसन, दोन वाट्या किसलेला दुधी, मूठभर चिरलेली मेथी, अर्धी वाटी दही, तीन मोठे चमचे तेल, वाटलेले आले-मिरची, हळद, जिरे आणि मीठ लागते. दुधीला पाणी सुटते, म्हणून वेगळे पाणी बेताने घालायचे. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट आणि भाकरीच्या पिठापेक्षा पुष्कळ सैल असावे. अगदी शेवटी अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा घालून लगेच तेल लावलेल्या भांड्यात ओतायचे, वर तीळ पेरायचे आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंश सेल्सियसवर 35 ते 40 मिनिटे ठेवायचे. मधोमध सुरी खुपसली आणि ती कोरडी बाहेर आली, की झाले.

हातांचे काम पंधरा मिनिटांचे, बाकीचे उष्णतेचे. दह्यातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे तयार होतात. म्हणून सोडा घातल्यावर मिश्रण ताटकळत ठेवायचे नाही. शाळूत गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यामुळे ते बुडबुडे धरून ठेवायला आणि वडी सुटी न होऊ द्यायला बेसन लागते. आत पाणी आहे तोवर गाभ्याचे तापमान 100 अंशांच्या वर चढत नाही. पृष्ठभागाचे पाणी मात्र लवकर उडते, तिथली उष्णता वाढते आणि पिठातली प्रथिने व साखर यांच्या संयोगाने तांबूस कवच धरते. भाजलेल्या अन्नाचा वास येतो तो याच कवचातून. खालून आणि वरून अशी दुहेरी आच लागते ती यासाठीच.

दुहेरी आचेचे हे तंत्र वैदिक यज्ञात फार जुने आहे. दर्शपूर्णमास इष्टीतले मुख्य हविर्द्रव्य म्हणजे पुरोडाश, तांदळाच्या किंवा जवाच्या पिठाचा भाजलेला गोळा. धान्य उखळात कांडायचे, पाट्यावर दळायचे, पीठ गरम पाण्यात मळायचे आणि कासवाच्या पाठीसारखा आकार द्यायचा. मग तो कपालांवर, म्हणजे तापलेल्या खापरांच्या तुकड्यांवर, ठेवून वरून निखारे आणि फुफाटा घालून भाजायचा. अग्नीसाठीचा पुरोडाश आठ कपालांवर, अग्नीषोमांसाठीचा अकरा कपालांवर. भाजून झाल्यावर त्यातून अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे कापून आहुती दिली जाई आणि उरलेल्यातून ऋत्विज व यजमान यांचे भाग होत. भाजलेल्या पिठाचा एक गोळा, त्यातला अगदी लहान भाग देवतेला आणि उरलेला सर्वांनी मिळून खायचा, अशी ही रचना होती. भारतीय परंपरेत भाजलेल्या अन्नाला यापेक्षा मानाचे स्थान क्वचितच कुठे मिळाले असेल. ओव्हनमधला पदार्थ परका, तव्यावरचा तेवढा आपला, ही समजूत या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

यज्ञकर्माचा असा बारीक विचार करणारे शास्त्र म्हणजे पूर्वमीमांसा, आणि तिच्या आधुनिक अभ्यासाचे एक मोठे केंद्र सातारा जिल्ह्यातच आहे. वाईला कृष्णेच्या काठी नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा उभी केली. त्यांनी सिद्ध केलेला मीमांसाकोश सात खंडांचा आहे. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच वाईतून धर्मकोशाचे आणि पुढे मराठी विश्वकोशाचे काम चालवले. विनोबा भावे आश्रमातून रजा घेऊन शिकायला आले तेही इथेच. जुन्या शास्त्राचा अर्थ आजच्या जीवनाला लावून पाहण्याची सवय या गावाला आहे. भानोळ्याच्या प्रश्नालाही मीमांसेचीच परिभाषा सर्वांत नेमके उत्तर देते.

मीमांसा कर्मांचे दोन मोठे वर्ग करते. स्वर्ग, पाऊस, संतती अशा एखाद्या फळाच्या इच्छेने केलेले ते काम्यकर्म. आणि फळ हवे असो वा नसो, जन्मभर करायचेच ते नित्यकर्म. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात या दोहोंतला एक व्यावहारिक भेद येतो. काम्यकर्म सर्व अंगांसह पुरे झाले तरच फळते. एखादे अंग राहिले तर ते करण्यात अर्थ नाही, कारण ते ऐच्छिक आहे आणि पुरी तयारी नसेल तर न केलेलेच बरे. नित्यकर्माचे तसे नाही. त्यात जेवढी अंगे शक्तीबाहेर आहेत तेवढी सुटली तरी मुख्य कर्म घडलेच पाहिजे. अंगांच्या हट्टापायी मुख्यच बुडवणे हा दोष. जो माणूस जन्मभर, रोज, थकलेला असताना आणि आजारी असतानाही एखादे कर्म करणार आहे, त्याच्याकडून रोज परिपूर्णता मागता येत नाही, हे शास्त्रकारांना चांगले उमगले होते.

आता घरचे जेवण कोणत्या वर्गात बसते? सणाचा स्वयंपाक, लग्नाची पंगत, पुरणावरणाचे ताट हे काम्य किंवा नैमित्तिक. तिथे कटाची आमटी राहून गेली तर काहीतरी राहिले असे वाटणे योग्यच. पण मंगळवारी किंवा गुरुवारी रात्री घरातल्यांना जेवू घालणे हे नित्य आहे. त्यातले मुख्य कर्म एवढेच, की घरातले, दारी आलेले आणि आश्रयाला असलेले उपाशी राहू नयेत. डावी-उजवी बाजू, दोन भाज्या, गरम पोळी ताटात पडणे ही सारी अंगे आहेत. ती असली तर शोभा आहे, नसली तर कर्म बुडत नाही. आपल्याकडे गोंधळ होतो तो सणाचे मोजमाप रोजच्या दिवसाला लावल्यामुळे. रोजच्या रात्री पंगतीइतके केले नाही म्हणून मनात अपराधी वाटून घेणारी घरे आहेत. त्या अपराधाला शास्त्राचा आधार नाही.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. धर्मशास्त्र मुख्यकल्प आणि अनुकल्प असा भेद करते. अनुकल्प म्हणजे दुय्यम पर्याय. मुख्यकल्प करण्याची शक्ती असताना जो अनुकल्पावर भागवतो त्याला फळ मिळत नाही, असे मनुस्मृती सांगते. म्हणजे सवलत आहे ती अशक्तासाठी, आळशासाठी नाही. वेळ हातात असताना, केवळ कंटाळा म्हणून, विकतच्या पाकिटावर रोजची रात्र काढणे आणि खरोखर वेळ नसताना भानोळे भाजणे यांत हाच भेद आहे. बाहेरून दोन्ही झटपट जेवणेच दिसतात, पण शक्तीचा निकष लावला की त्यांची जात वेगळी ठरते. शक्ती किती आहे हे मात्र दुसऱ्याने ठरवायचे नसते. आठ तास बँकेत किंवा शाळेत उभे राहून आणि एसटीचा प्रवास करून आलेल्या माणसाची शक्ती ओट्याशी न आलेल्याने मोजू नये.

दुसरा प्रश्न प्रतिनिधीचा, म्हणजे एका गोष्टीच्या जागी दुसरी चालते का याचा. मीमांसेचे उत्तर मार्मिक आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. व्रीही मिळाला नाही तर त्याच्याशी सर्वांत जास्त साम्य असलेला नीवार, म्हणजे रानतांदूळ, घ्यावा. तोही मधेच संपला तर पुढचे द्रव्य नीवाराशी साम्य पाहून निवडायचे नाही, मूळ व्रीहीशीच ताडून पाहायचे. हा नियम स्वयंपाकाला फार उपयोगी आहे. शाळूऐवजी बाजरी चालेल. माण-खटावच्या घरात तीच डब्यात असते. बाजरीही नसली तर नाचणी किंवा मक्याचे पीठ. पण पर्यायाचा पर्याय काढत काढत मैदा आणि तयार मसाल्याच्या पुडीपर्यंत पोचले, तर मूळ धान्य दृष्टीआड झाले असे समजावे.

काही गोष्टींना मात्र प्रतिनिधी नाही. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया बदलत नाहीत, आणि फळाचा धनी असलेला यजमानही बदलत नाही. यातल्या अग्नीवरून शंका निघेल, की ओव्हनमध्ये ज्वाळा नाही, तर मग ते भाजणे कोणत्या अग्नीचे? इथे श्रौत अग्नी आणि लौकिक अग्नी यांची गल्लत होऊ देता कामा नये. न बदलणारा अग्नी तो विधिपूर्वक स्थापलेला. चुलीतला विस्तव हा आधीपासूनच लौकिक होता. चूल, शेगडी, स्टोव्ह, गॅस असे बदल होत आले तेव्हा विधीला बाध आला नाही, तसा विजेच्या तारेनेही येत नाही. एक मर्यादा खरी आहे. वैश्वदेवाची आहुती ओव्हनमध्ये टाकता येत नाही, तिला ज्वाळा किंवा निखारा हवा. ज्या घरात वैश्वदेव चालतो तिथे त्यासाठी वेगळा अग्नी लागेल. नैवेद्याला ही अडचण नाही. अट एवढीच, की दाखवण्याआधी चाखायचे नाही. भाजलेले भानोळे सुरीने तपासता येते, मीठ आधीच मोजून घालता येते. म्हणजे न चाखता तयार होणाऱ्या पदार्थांत ते सोयीचेच.

वैश्वदेवाच्या मुळाशी असलेली कल्पना इथे सोडून चालणार नाही. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी घरात नकळत जीवहत्या होते, आणि तिच्या निष्कृतीसाठी गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करावेत, असा स्मृतींचा विचार आहे. भगवद्गीतेचा तिसरा अध्याय तो आणखी थेट मांडतो. जो केवळ स्वतःसाठी शिजवतो तो पाप खातो. या दोन्ही वचनांत वेळेचा उल्लेख कुठेच नाही. स्वयंपाक तास चालला की पाव तास, हा त्यांचा प्रश्नच नव्हे. कोणासाठी शिजवले आणि कोणाला आधी वाढले, एवढेच ती विचारतात. दिवसभर राबून केलेले आणि दार लावून एकट्याने खाल्लेले पक्वान्न या कसोटीवर पडते. तासाभरात झालेले आणि शेजारच्या एकट्या म्हातारीला एक वडी पोचवून मग खाल्लेले भानोळे पास होते. माण तालुक्यातल्या गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांनी (1845–1913) नामाच्या जोडीला अन्नदान ठेवले. नाम कोणत्याही कामात घेता येते, पण भुकेलेल्याला अन्नच द्यावे लागते, हा त्या जोडीचा अर्थ घेतला तर तो चुकीचा ठरणार नाही.

सांगलीत हा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांत दिगंबर जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. 1899 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे मुख्य केंद्र सांगलीच. जैन आचारात रात्रिभोजन वर्ज्य आहे, कारण अंधारात सूक्ष्म जीवांची हिंसा टाळता येत नाही. सूर्य सांगलीत डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. पाच-साडेपाचला काम सुटणाऱ्या माणसाला हिवाळ्यात जेमतेम अर्धा तास मिळतो. इथे लवकर होणारे जेवण ही सोय राहत नाही, ते व्रत पाळण्याचे साधन बनते. मिश्रणाची तयारी दुपारी कोणी करून ठेवली आणि घरी पोचण्याआधी ओव्हन सुरू झाला, तर व्रत टिकते. नाहीतर फळांवर किंवा उपवासावर रात्र काढावी लागते.

पदार्थाची कृतीही या आचारासमोर तपासावी लागते. कांदा, लसूण, बटाटा आणि आले नको, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून बारीक नियम द्विदलाचा. दही किंवा ताक डाळीच्या पिठात मिसळणे वर्ज्य, म्हणून वर दिलेले बेसन आणि दही यांचे मिश्रण जैन घरात चालणार नाही. दही काढून लिंबाचा रस घातला तरी सोड्याला लागणारे आम्ल मिळते आणि बेसन ठेवता येते. पिठालाही मर्यादा असते. दिगंबर परंपरेत दळलेले पीठ हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसच चालते. रात्रभर आंबवलेले पीठ तर शिळे आणि जीवोत्पत्तीचे म्हणून टाळतात. यातून निघणारा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. सावकाश, आंबवून, मुरवून केलेला पदार्थ म्हणजे श्रेष्ठ आणि सोड्याने फुलवलेला म्हणजे हलका, ही समजूत इथे उलटी होते. अहिंसेच्या कसोटीवर ताज्या पिठाचा, त्याच वेळी कालवलेला आणि लगेच भाजलेला पदार्थ वरचा ठरतो. दोन परंपरांनी एकाच पदार्थाकडे दोन बाजूंनी पाहिले आणि घाई म्हणजे अधर्म असे दोघींपैकी कोणीही म्हटले नाही.

भाजलेल्या अन्नाभोवती महाराष्ट्रात धर्माचा वाद झाला तो वेळेवरून झाला नाही, हातावरून झाला. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या कार्यक्रमात चहा आणि बिस्किटे पुढे आली. त्यावरून टिळक, रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले आणि प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. कोणाच्या भट्टीत भाजले, कोणी हात लावला, ही शुद्धीची कसोटी होती. पुढे दिवाळीत नानकटाईचे पत्रे भाजायला शेजारच्या बेकरीत नेण्याची चाल गावोगाव रुळली, आणि भट्टी पेटवणारा कोण हे विचारणे मागे पडले. सातारा जिल्ह्यात या शुद्धीवर घाव घातला तो भाऊराव पाटलांनी. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तिथे सर्व जातींची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत जेवली. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. त्या वसतिगृहातले जेवण साधे होते आणि ते मुलांनीच रांधलेले असे. अंगे सगळी गळाली होती, मुख्य कर्म मात्र पूर्णपणे घडत होते. जिल्ह्याच्या इतिहासात नित्यकर्माचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे दाखवणे कठीण आहे.

शेवटचा प्रश्न कर्त्याचा, आणि तो सर्वांत अवघड. यजमानाला प्रतिनिधी नाही, कारण फळ त्याचे. घरच्या जेवणाचे फळ घरातल्या सगळ्यांचे. मग कर्माचा भार एकाच बाईवर का? झटपट जेवणाची गरज जिला सर्वांत जास्त भासते ती बहुतेक घरांत तीच असते, आणि अशा जेवणाबद्दल बोल लावला जातो तोही तिलाच. यज्ञाचा अधिकार फक्त पुरुषाला, असे ऐतिशायन नावाच्या आचार्याचे मत होते. मीमांसासूत्रे ते मत मांडून खोडतात. स्त्रीलाही अधिकार आहे, आणि पतिपत्नींनी कर्म मिळून करायचे आहे, असा सिद्धान्त ती देतात. अधिकार दोघांचा असेल तर अंगे सांभाळण्याची जबाबदारीही दोघांची. पुरोडाशाच्याच विधीत याचा एक दाखला आहे. धान्य कांडण्याआधी हविष्कृत्‌ला, म्हणजे हवी तयार करणाऱ्याला, हाक मारली जाते. पूर्वी या हाकेला यजमानाची पत्नी उठत असे. आता ती उठते किंवा दुसरा कोणीही उठतो, असे शतपथ ब्राह्मणात नोंदवले आहे. म्हणजे तीनेक हजार वर्षांपूर्वीच कांडणाचे काम एकीच्या हातून सुटून जमेल त्याच्या हाती आले होते आणि हवी तरीही हवीच राहिले.

भानोळ्याचे काम असे वाटून घेण्यासारखेच आहे. दुधी किसायला कौशल्य लागत नाही, शाळेतून आलेला मुलगा ते करू शकतो. पीठ आणि मसाला मोजून ठेवणे ज्येष्ठांकडे देता येते, त्यांचा अंदाज बहुधा अचूक असतो. घरी आधी पोचेल त्याने ओव्हन तापत ठेवावा, मग ते बाबा असोत की आई. सोडा घालणे आणि भांडे आत सारणे ही दोन कामे तेवढी एकाच हाताने सलग व्हायला हवीत, कारण तिथे उशीर चालत नाही. भाजण्याच्या चाळीस मिनिटांत कोणी ओट्याशी उभे राहण्याची गरज नसते. तो वेळ घरातल्या प्रत्येकाचा सारखाच असतो, आणि त्यात सांजवात, परवचा, नामस्मरण किंवा नुसते पाय पसरून बसणे यांपैकी काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. वडी कापताना पहिला तुकडा देवापुढे ठेवायचा, दुसरा दारी कोणी असेल त्याला द्यायचा, आणि उरलेले भांडे मधोमध ठेवून सगळ्यांनी एकदमच जेवायला बसायचे, वाढणारीनेसुद्धा.